जळजळ वेगळी, दाह वेगळा

वाशीम जिल्ह्यातील आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी काही वर्षांपूर्वी जठराच्या कर्करोगाने गेले. त्यांना तंबाखू, विडी असले कसलेच व्यसन नव्हते. ‘पित्ताचा त्रास’ मात्र वीस-पंचवीस वर्षांचा जुना. जेवण झाले की चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घालून घ्यायचा, ही त्यांची सवय. पुढे दुकानात गोळ्या मिळू लागल्या, तेव्हा सोड्याची जागा गोळ्यांनी घेतली. शेवटच्या वर्षी दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटू लागले आणि अंगातला सदरा ढगळ होत गेला. घरच्यांनी ‘वय झाले’ म्हणून ते सोडून दिले. अकोल्याला दुर्बिणीने पोटाची तपासणी झाली, तोपर्यंत रोग यकृतात पोचला होता.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने आम्हाला विचारले, “सर, बाबाले तं कोणतंच व्यसन नव्हतं. मंग हे कायच्यानं झालं? ठेचा खायचे, त्याच्यानं?”

एका माणसाला कर्करोग नेमका कशामुळे झाला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण जठराचा कर्करोग बहुतेक वेळा कोणत्या वाटेने येतो, ती वाट आज चांगली माहीत झाली आहे. तिची सुरुवात ठेच्यापाशी नाही. ती बऱ्याचदा लहानपणी होते आणि पुढे कित्येक वर्षे माणसाला पत्ताही लागत नाही. या लेखात आपण ती वाट पाहू. शेवटी वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोगही आहे. त्याला लागणारे सोयाबीन आणि युरिया आपल्याकडे घरोघरी असतात.

दाह म्हणजे काय?

‘दाह’ म्हटले की आपल्याला आग होणे आठवते. वैद्यकशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. शरीराच्या एखाद्या भागाला इजा झाली किंवा तिथे जंतू शिरले, तर त्या भागातील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यांतून पाणी व पांढऱ्या पेशी बाहेर येतात, जंतूंशी लढतात, मेलेल्या पेशी साफ करतात आणि मग डागडुजी सुरू होते. या सगळ्या खटाटोपाला दाह म्हणतात. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन काळापासून सांगितली जात आहेत.

बैलाच्या मानेवर जू घासून होणारी खांदेसूज शेतकऱ्याच्या घरातील मुलांनी पाहिलेली असते. बैलाला विश्रांती दिली, औषध लावले की सूज उतरते आणि कातडी पूर्ववत होते. हा अल्पकाळचा दाह. तो उपकारक आहे, त्याच्यावाचून एकही जखम भरली नसती. पण त्याच जागी रोज जू ठेवत राहिले तर जखम भरायला उसंतच मिळत नाही. कातडी जाड होते, निबर होते, तिचे रूप बदलते. हा दीर्घकालीन दाह. इथे पांढऱ्या पेशींची फौज लढाई न संपल्यामुळे त्याच जागी तळ ठोकून बसते, आणि मुक्कामी फौज शेतकऱ्याचे पीकही तुडवते, तसे काहीसे होते.

अशा न भरणाऱ्या जखमेचा कर्करोगाशी संबंध असावा, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८६३ साली सुचवले होते. त्याला कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी आढळल्या होत्या. आपल्याकडेही याचा एक दाखला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४०च्या दशकात ‘धोतराचा कर्करोग’ नोंदवला. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट कसून तिथली कातडी घासत राहिली, की काहींना नेमक्या त्याच पट्ट्यात कर्करोग होत असे. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या चटक्यांच्या जागी होणारा कर्करोगही असाच प्रसिद्ध आहे.

कातडी डोळ्यांना दिसते. जठरातील अस्तर मात्र दिसत नाही. तिथे वर्षानुवर्षे घासणारे ‘जू’ कोणते, हे कळायला १९८२ साल उजाडावे लागले.

आम्लात राहणारा जिवाणू

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, त्यामुळे तिथे जिवाणू टिकूच शकत नाहीत, असे पाठ्यपुस्तके सांगत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला मात्र जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जिवाणू दिसत होते. विशेष म्हणजे जिथे ते दिसत, तिथे दाहही असे. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्या जोडीला आला. दोघांनी जिवाणू वाढवण्याचे प्रयत्न केले, पण काही उगवेना. प्रयोगशाळेत अशा बशा दोन दिवसांत टाकून देत. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत काही बशा पाच दिवस तशाच राहिल्या, आणि त्यांत वसाहती दिसल्या! जिवाणू सावकाश वाढणारा होता, इतकेच. त्यालाच आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात.

‘जिवाणू आणि दाह एकत्र दिसतात, पण जिवाणूमुळेच दाह होतो कशावरून?’ असा प्रश्न लोकांनी विचारला. प्रश्न रास्त होता. कदाचित दाह झालेल्या जागी जिवाणू नंतर येऊन बसत असतील. १९८४ मध्ये मार्शलने आपले जठर निरोगी असल्याची तपासणी करून घेतली आणि जिवाणूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्याला मळमळ व उलट्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी दुर्बिणीतून पाहिले तर जठरात दाह होता आणि जिवाणूही होते. एका माणसावरचा प्रयोग हा अंतिम पुरावा नव्हे, आणि विद्यार्थ्यांनी कित्ता गिरवावा असाही नव्हे. पण ‘आधी कोण?’ या प्रश्नाला त्याने थेट उत्तर दिले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंक्तीला, बसवले.

हा जिवाणू आम्लात कसा टिकतो? त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. आपल्या शरीरात तयार होणारा युरिया थोड्या प्रमाणात जठरातही असतो. युरिएज त्याचे विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनिया आम्लारिधर्मी असल्याने जिवाणूच्या भोवतालचे आम्ल निकामी होते. या कवचाच्या आधाराने तो शेपट्या हलवत अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो. तिथे आम्लाचा जोर कमी असतो, आणि मग मुक्काम पडतो तो बहुधा जन्मभराचा.

लागण होते ती बहुतेक लहानपणी, घरातल्या घरात. तोंडातून तोंडाकडे, उलटीतून, किंवा विष्ठेने दूषित झालेल्या हातांतून व पाण्यातून. दाटीवाटीची घरे आणि अपुरी स्वच्छता असेल तिथे प्रमाण जास्त असते. भारतात तर निम्म्याहून अधिक प्रौढांत हा जिवाणू आढळतो.

सूज ते कर्करोग

जिवाणू चिकटला की शरीर पांढऱ्या पेशी पाठवते. चिकट थरात लपलेला जिवाणू त्यांच्या हाती लागत नाही, म्हणून आणखी कुमक येते. जिवाणूच्या काही वाणांजवळ सुईसारखी यंत्रणा असते. तिच्यातून ते ‘कॅग-ए’ नावाचे प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतात. त्याने पेशीचे आतले व्यवहार बिघडतात आणि दाह आणखी भडकतो.

आता या दाहाने नुकसान कसे होते ते पाहू. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी ऑक्सिजन व नायट्रोजनची अतिशय क्रियाशील रसायने सोडतात. ही रसायने शत्रू आणि मित्र असा भेद करत नाहीत. आसपासच्या आपल्याच पेशींच्या डीएनएवरही त्यांचे घाव बसतात. हा झाला पहिला भाग.

दुसरा भाग दुरुस्तीचा. जठराच्या अस्तराचा पृष्ठभाग एरवीही काही दिवसांत नवा होत असतो. दाहामुळे पेशी जास्त मरतात, म्हणून नव्या पेशी जास्त वेगाने तयार कराव्या लागतात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते. मूळ प्रतीवर शाईचे डाग पडलेले आणि नक्कल करणाऱ्यामागे घाईचा तगादा, अशा वेळी वहीत चुका किती होतील, हे शिक्षकांना सांगायला नको. त्यांतील बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात. काही चुका मात्र विभाजनावर लगाम ठेवणाऱ्या जनुकांत होतात.

तिसरा भाग, दाहाच्या वेळी पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात त्यांचा. ‘वाढा, मरू नका, नव्या रक्तवाहिन्या फुटू द्या’ हे निरोप जखम भरण्यासाठी असतात. पण एखादी बिघडलेली पेशी तिथे असेल तर तिलाही हेच खतपाणी मिळते.

या प्रवासाचे टप्पे पेलायो कोरेया या विकृतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये, म्हणजे जिवाणू सापडण्याच्याही आधी, मांडले होते. पहिला टप्पा दीर्घकालीन दाहाचा. दुसऱ्या टप्प्यात आम्ल व पाचक रस तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर पातळ होते. तिसऱ्यात जठराच्या जागी आतड्यासारखे अस्तर उगवू लागते. चौथ्यात पेशींचा आकार आणि मांडणी बिघडते. पाचवा टप्पा कर्करोगाचा. या प्रवासाला बहुधा काही दशके लागतात, आणि बहुतेकांचा प्रवास वाटेतच कुठेतरी थांबतो. जठराचे काही कर्करोग या वाटेने येतही नाहीत. काहींच्या मुळाशी आनुवंशिक दोष असतो, काहींत एक विषाणू आढळतो.

इथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रंथी झिजल्या की आम्ल कमी होते. म्हणजे कर्करोगाच्या वाटेवर बरेच पुढे गेलेल्या जठरात आम्ल ‘वाढलेले’ नसून घटलेले असते. जळजळ नसणे म्हणजे सारे आलबेल, असे म्हणूनच मानता येत नाही. उलट आम्ल घटल्याने इतर जिवाणूंचे फावते. ते अन्नातील नायट्रेटपासून नायट्राइट बनवतात आणि त्यातून कर्करोगकारक नायट्रोसो संयुगे तयार होऊ शकतात.

ठेच्याचे कोडेही इथेच सुटते. मिरचीतील कॅप्सेसिन उष्णतेची व वेदनेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते, म्हणून आग होते. ही आग म्हणजे संदेश आहे. तिच्या मागे पांढऱ्या पेशींचा मुक्काम असेलच असे नाही. दुसरीकडे, जिवाणूमुळे जठरात खरोखरचा दाह असलेल्या बहुसंख्य लोकांना काहीच जाणवत नाही. जळजळ वेगळी आणि दाह वेगळा, तो असा. आपण सोडा किंवा गोळ्या घेतो त्या जळजळीवर. दाह आपल्या जागी चालूच राहतो.

पुरावा कसा मिळाला?

जपानमधील एका अभ्यासात १,५२६ लोकांवर सरासरी सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांपैकी १,२४६ जणांना या जिवाणूची लागण होती, २८० जणांना नव्हती. लागण झालेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. लागण नसलेल्यांत एकालाही झाला नाही. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पण जिवाणू काढून टाकला तर कर्करोग टळतो का? जपानमध्येच सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोग दुर्बिणीतून काढून टाकलेल्या ५४४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन सारखे गट केले. एका गटाला जिवाणूनाशक उपचार दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. तीन वर्षांत उपचार झालेल्या गटात ९ जणांना जठरात नवा कर्करोग झाला, तर दुसऱ्या गटात २४ जणांना. म्हणजे अस्तर बरेच बिघडल्यानंतरही जू उतरवण्याचा फायदा होतो. त्याआधी उतरवले तर अधिकच. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून लोकांची सरसकट तपासणी करून उपचार केले गेले, तेव्हा पुढील वर्षांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले.

भारताचे कोडे

आता चाणाक्ष विद्यार्थी विचारेल, ‘निम्म्याहून अधिक भारतीयांच्या पोटात हा जिवाणू आहे, तर इतक्यांना कर्करोग का होत नाही?’ प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि शास्त्रज्ञही तो विचारतात. मुंबईत १९६०च्या दशकापासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कर्करोगाच्या रीतसर नोंदी होत आहेत. महाराष्ट्रातील नोंदींत पुरुषांत तोंडाचा, आणि स्त्रियांत स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे असतो. जठराचा कर्करोग बराच मागे असतो. त्याच भारतात मिझोरममधील ऐझॉलमध्ये मात्र जठराच्या कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तिथे धुरावलेले व खारवलेले मांस खाण्यात असते आणि तंबाखूचा वापरही मोठा आहे.

कोलंबियातही असेच दिसले. तिथे डोंगरावर आणि किनाऱ्यावर लागण जवळपास सारखीच, पण कर्करोग डोंगरावर कित्येक पट जास्त. म्हणजे जिवाणू हा वाटेवरचा पहिला टप्पा असला तरी पुढचे टप्पे आपोआप गाठले जात नाहीत. जिवाणूचा वाण कोणता, माणसाची जनुके कशी, खाण्यात मीठ किती, भाज्या-फळे किती, तंबाखू आहे का, यावर दाहाचा जोर आणि जागा ठरते. दाह जठराच्या शेवटच्या भागात राहिला तर आम्ल वाढते आणि पुढच्या आतड्यात व्रण होऊ शकतो. दाह जठरभर पसरला तर ग्रंथी झिजतात आणि वाट कर्करोगाकडे वळते. एकाच जिवाणूचे असे दोन उलटे परिणाम होतात. जगभराचा विचार केला तर लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण एक ते तीन जणांना कर्करोग होतो.

म्हणून ‘माझ्या पोटात जिवाणू आहे, आता मला कर्करोग होणार’ असे समजणे चूक. आणि ‘इतक्यांना असतो, मग काय बिघडते?’ हेही चूक. २०२२ मध्ये जगात साडेनऊ लाखांहून अधिक लोकांना जठराचा कर्करोग झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने दगावले.

वर्गात करून पाहा

कच्च्या सोयाबीनमध्येही युरिएज असते. जिवाणूची युक्ती त्यामुळे वर्गात दाखवता येते. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावा आणि त्या वाळवा. सोयाबीनचे पंधरा-वीस दाणे रात्रभर भिजवून वाटा. या वाटणाचे दोन भाग करा. एक भाग थोड्या पाण्यात वीस मिनिटे उकळून गार करा. दोन पेल्यांत अर्धा पेला कोमट पाणी, एक चमचा युरिया व लिंबाच्या रसाचे तीन-चार थेंब घाला. एकात कच्चे वाटण, दुसऱ्यात उकळलेले वाटण घालून ढवळा. दोन्हींत हळदीची पट्टी बुडवून पाहा. ती पिवळीच राहील. अर्ध्या-पाऊण तासाने नवी पट्टी बुडवा. कच्च्या वाटणाच्या पेल्यात ती तांबूस होईल आणि अमोनियाचा दर्पही जाणवेल. हवा थंड असेल तर थोडा जास्त वेळ लागेल. उकळलेल्या वाटणातील विकर मोडल्यामुळे त्या पेल्यात बदल होणार नाही. हा पेला कशासाठी ठेवला, हे मुलांनाच विचारावे. पेल्यातील काहीही चाखू नये, नाक पेल्यावर धरून हुंगू नये आणि नंतर हात धुवावेत.

डॉक्टर हीच युक्ती वापरतात. दुर्बिणीतून काढलेला जठराचा इवलासा तुकडा युरिया व दर्शक असलेल्या चकतीत ठेवतात. रंग बदलला तर जिवाणू आहे. श्वासाच्या चाचणीत रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला युरिया पाजतात. जिवाणू असेल तर खुणेचा कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासात सापडतो.

कधी थांबू नये?

गिळायला त्रास, थोडे खाताच पोट भरणे, कारण नसताना वजन घटणे, वरचेवर उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, न सुधारणारा रक्तक्षय, किंवा उतारवयात नव्यानेच सुरू झालेला पोटाचा त्रास, यांपैकी काहीही असेल तर सोडा-गोळ्यांवर न थांबता डॉक्टरांकडे जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण तो निष्कर्ष डॉक्टरांनी काढावा. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वाईट नाहीत; पण त्या त्रास झाकतात आणि निदान लांबते. सांधे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही जठराच्या अस्तराला इजा करतात.

जिवाणूवर उपाय आहे. दोन किंवा अधिक प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध साधारण दोन आठवडे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर जिवाणू औषधाला सरावतो. आपल्याकडे ही अडचण आधीच मोठी आहे. म्हणून मनाने औषध घेऊ नये, आणि उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला की नाही, हे पुन्हा तपासून घ्यावे.

गुरुजींच्या मुलाला आम्ही हे सगळे जमेल तसे सांगितले. ठेच्यावरचा आरोप मागे घेतला. ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांनी जिवाणूची तपासणी करून घ्यावी असे डॉक्टर सांगतात, हेही सांगितले. तो तपासून आला. जिवाणू निघाला, औषध झाले, दुसरी तपासणी निर्मळ आली. वडिलांचे काय झाले असेल याचे नेमके उत्तर त्याला आम्ही देऊ शकलो नाही. त्याच्यापुरते जू मात्र वेळेवर उतरले.